पेन्सिलची खूण

हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे पन्नाशी उलटलेलं एक जोडपं होतं. बाईंच्या हातात काचा चिकटवायच्या सिलिकॉनची नळी होती.

"ठेव ती परत. माशांची टाकी आता गळत नाही. आठ दिवस भरून ठेवलीय, पाणी पेन्सिलच्या खुणेवरून केसभर हललेलं नाही."

"असू दे घरात एक."

"भंगारातली टाकी मी स्वतः दुरुस्त केली, हे तुला पचतच नाही. टाकीच्या स्टँडखाली अंथरलेला पेपर रोज चाचपतो मी. ठणठणीत कोरडा!"

"त्यावरची तारीख वाचलीत कधी?"

"कसली तारीख?"

"आज आजची होती. काल कालची."

"म्हणजे तू पेपर बदलतेस? आणि पाणी?"

"रोज पहाटे एक तांब्या ओतते. आज दोन लागले."

"अगं, पण का?"

"मागच्या वेळी गळली तेव्हा दोन दिवस तोंड पाडून बसला होतात."

"मग आत्ताच का सांगतेस?"

"उद्या मासे आणणार म्हणालात. त्यांना कशाला फसवायचं?"

"मला फसवलेलं चालतं?"

"तुम्ही टाकीबाहेर असता."

"आणि पेपर येत नाही म्हणून मी त्या पेपरवाल्याला नाही नाही ते बोललो, त्याचं काय?"

"तुमच्या वतीनं माफी मागून झालीय."