कुराबाहेरचं लेकरू

माझं माहेर कामठ्याचं अना सासर इकडं बिरसीजवळ, म्हनजे दोन्ही गोंदिया तालुक्यातच, घरून निघालं तं घडीभरात पोचते मानूस. बाप धानाचा कास्तकार, सासराही धानाचाच कास्तकार. आम्ही पोवार, आमचे जुने लोक मालव्याकडून आले म्हनतेत, कोनी पाहिलं जी, पन कुर सगळ्यायले पाठ आहे. कुर म्हनजे कूळच समजा. लग्नाचं बोलनं निघालं का पहिले कुर विचारतेत, मंग पोरगी काळी का गोरी. मी शिवनकाम करते, ब्लाउज, फॉल, शाळेचे ड्रेस, दिवसभर मशीन चालते अना तिच्यासोबत माझं तोंडही चालते, म्हनून तुम्ही विचारलं तं सांगून राहिली, नाहीतं घरातली गोष्ट कोन सांगते ताई बाहेर.

लेकरू झालं नाही. गोंदियाचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, कोनी म्हनलं तिथचा अंगारा झाला. गावातल्या बाया ब्लाउजचं माप द्याले येत अना माझ्याच पोटाकडं पाहत. शेवटी आमच्या यायनंच, म्हनजे नवऱ्यानं, एक दिवस जेवता जेवता म्हटलं, आपन दत्तक घेऊ. मी म्हटलं, हव. झालं, एवढंच बोलनं. बाप्पा, लोकायले वाटते नवरा-बायको किती रडले असन, किती विचार केला असन. मी तं त्यायच्या ताटात भात वाढला अना मशीनवर जाऊन बसली, पन त्या दिवशी एकही शिलाई सरळ आली नाही, सगळी उसवा लागली.

मंग ऑनलाइन नाव टाकलं, कागद जमवले, डॉक्टरची तपासनी झाली, अना संस्थेतली म्याडम घर पाहाले येनार असा फोन आला. घरात आम्ही तिघंच, मी, आमचे हे अना सासू. सासूले मी आई म्हनते, पन मांगं बुढी म्हनते, तुम्हाले खोटं कायले सांगू. घर लिपलं, पोहे केले. म्याडम चांगली होती, लहानच वयाची, चष्मा लावलेली. तिनं झोपाची खोली पाहिली, संडास-बाथरूम पाहिलं, विहिरीवर जाळी आहे का विचारलं. अना चालता चालता सयपाकाच्या खोलीकडं वळली. बुढी दारातच बसली होती. तिनं हात आडवा केला अना म्हनली, इथून पुढं नाही.

आता हे तुम्हाले समजावून सांगा लागते. आमच्या सयपाकाच्या खोलीत चौरी आहे, म्हनजे कोपऱ्यात मातीचा लहानसा ओटा, आमच्या कुराच्या देवाची जागा. तिथं आमच्या कुराच्याच मानसानं जावं. सख्खी पोरगी लग्न होऊन गेली तं तिलेही मंग त्या खोलीत जाता येत नाही, बाहेर बसून जेवते. इतकं कडक कोनी पाळत नाही आता, शहरात तं गॅसच्याच बाजूले देव ठेवतेत, पन आमची बुढी पाळते. मी म्याडमले हे सांगतलं. तिले राग नाही आला. ती खाली उकिडवी बसली अना म्हनली, ठीक आहे आजी, मी नाही जात, पन उद्या लेकरू आलं तं ते जाईल ना आत?

बुढीनं आडवा हात तसाच ठेवला. वरून बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान घोंगावत गेलं, वळून पुन्हा आलं, तरी हात खाली आला नाही. म्याडम उठली, पोहेही अर्धेच खाल्ले तिनं, अना फाटकापाशी मले म्हनली, ताई, मी अजून एकदा येईन, घरातल्या एकाही मानसाच्या मनात नसलं तं हाल लेकराचे होतेत, अशा घरी आम्ही लेकरू देत नाही.

ती गेली अना मी बुढीवर तुटूनच पडली. म्हटलं, मी तरी कोन्या कुराची होती, आई? तुम्ही देवाले सांगून मले आत घेतलं ना, पहिल्या दिवशी माझ्या हातचं रांधून घेतलं ना, मंग त्या लेकराले काऊन नाही? ती म्हनली, तुझ्या बापाचा कुर मले माहीत होता, त्याचा कोनता?

बुढी वाईट नाही. वाईट असती तं मले सोपं गेलं असतं. तिचा लहाना पोरगा, म्हनजे माझा दीर, मी पाहिलाच नाही त्याले. चुरनीच्या, म्हनजे धानाच्या मळनीच्या दिवसात बाहेरगावची एक बाई कामाले आली होती, तिले तहान लागली, घरात कोनी दिसलं नाही तं आत जाऊन तिनं चौरीजवळच्या गुंडातलं पानी घेतलं. बिचारीले काय माहीत. त्याच हप्त्यात पोरगा तापला अना गेला. ताप कायचा होता कोनी पाहिलं नाही, पन बुढीच्या डोस्क्यात ते पक्कं बसलं. म्हनून ती दारात बसते. मले तिचा राग नाही येत ताई, मले तिच्या भेन्याचं भेव वाटते.

पन तवा राग आला होता, अना रागात मी काय केलं तं मांगच्या छपरीत नवी चूल मांडली. माती कालवली, विटा रचल्या, अना बुढीले सांगतलं का माझं लेकरू जिथं जानार नाही तिथं मीही जानार नाही. तेव्हापासून मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. बुढी आत आपलं रांधते, मी बाहेर रांधते, अना आमचे हे सकाळी आईच्या हातचं खातेत अना संध्याकाळी माझ्या हातचं. त्यायले विचारलं तुम्ही कोनाच्या बाजूनं, तं म्हनतेत मी भाताच्या बाजूनं.

म्याडम पुन्हा आली. छपरीतली चूल धुपत होती. तिनं चुलीकडं पाहिलं, आतल्या खोलीकडं पाहिलं अना तिचं तोंडच उतरलं. विचारते, तुम्ही वेगळे झाले का? मायबाई! आमच्याकडं चूल वेगळी झाली म्हनजे घर फुटलं, हे शेंबड्या पोट्ट्यालेही समजते, अना मी लेकरासाठी म्हनून लेकराच्याच वाटेत विटा रचून ठेवल्या होत्या. तेवढ्यात दारातून बुढी म्हनली, वेगळे कायले होऊ, ते लेकराच्या आंघोळीच्या पान्यासाठी आहे, गॅसच्या पान्यानं लेकराचं अंग भरत नाही. म्याडम हसली. तिनं पुन्हा विचारलं, अना आजी, तुमच्या मनात काही नाही ना? बुढी म्हनली, घर त्या लेकराचंच आहे.

मी बुढीच्या पाया पडली असती, ताई. पन म्याडमची गाडी वळली नाही तोवर बुढी मले म्हनली, माझ्या पोराचं घर रिकामं राहू नये म्हनून बोलली मी. घर त्याचं म्हटलं. चौरी म्हटली नाही. असं म्हनून ती आत गेली अना तिनं दार ओढून घेतलं.

मंग वाट पाहनं. किती पाहिली, विचारूच नका. पावसाळ्यात छपरीत चूल पेटत नसे, डोळे चुरचुरत, पन मी आत गेली नाही अना बुढीनं ये म्हटलं नाही. तिनं एकदा जरी म्हटलं असतं तं गेली असती, खोटं नाही बोलत. यंदा फोन आला. पोरगी आहे, अजून वर्षाची नाही. फोटोत टक्कल अना खालचे दोन दात. आम्ही दोघं पाहाले गेलो, तिथल्या बाईनं माझ्या मांडीवर दिली, पहिले भोकाड पसरलं, मंग माझ्या बोटाले सुईचे घट्टे आहेत ना, ते चाचपत बसली. ते बोट मी त्या दिवशी धुतलंच नाही, हसा तुम्ही खुशाल.

येत्या सोमवारी तिले घरी आनतो. झबले शिवले, गोधडी शिवली, लुगड्याचा झोका बांधला. पन अजून पक्कं नाही ताई, कलेक्टर साहेबाचा हुकूम व्हाचा आहे, तोवर म्याडम येऊन पाहत राहनार, लेकराले इथं त्रास आहे असं दिसलं तं ते परत नेऊ शकतेत.

मोबाइलवरचा फोटो मी बुढीले दाखवला. लय वेळ पाहिला तिनं. एकच विचारलं, रांगते का? मी म्हटलं, हव, भल्ली रांगते म्हनतेत, एका जागी राहत नाही. तिनं मोबाइल परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्याकडून आपली खाट उचलून घेतली अना चौरीच्या खोलीच्या दारात आडवी टाकली. आता तिथंच जेवते, तिथंच झोपते, काठी उशाले. हे म्हनतेत, बरं झालं, आई लेकरावर नजर ठेवन. काय बोलाचं या मानसाले!

काल मी सरळ विचारलं, आई, लेकरू तुमच्या खाटेखालून आत गेलं तं तुम्ही काय करनार? तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हनली, या घरात मी आता कोनाले मरू देनार नाही. आवाज चढवला नाही तिनं. कोनाले म्हनते ती, पोराले म्हनते का त्या लेकराले, मले समजलं नाही, अना विचाराची हिंमत नाही झाली.

देव तिले लंबी उमर देवो, माझं तिच्याशी वैर नाही. मी तिले एवढंच म्हटलं, आई, वसकायचं असन तं माझ्यावर वसका, काठी उगारायची तं माझ्यावर उगारा, मी सून आहे, मी ऐकून घेते. त्या लेकराले एकदा कोनीतरी नको म्हटलं आहे. दुसऱ्यांदा तिनं ते माझ्या घरात ऐकू नये.