खारबांधाची दोन हात माती

मंडळी, एक सांगा. जे संकट आलंच नाही, त्याच्यासाठी केलेला खर्च वाया गेला का? नका सांगू. आधी पोशा म्हात्र्याची गोष्ट ऐका.

खाडीकाठचं गाव. भातशेती आणि समुद्र यांच्यामध्ये एकच मातीचा बांध, आजे-पणज्यांनी घातलेला. पोशा लहानपणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून गळ टाकायचा. साठीला आला तेव्हा भरतीला ती पायरी पाण्याखाली जायला लागली. खाडी वर येत होती!

त्या साली देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी जमली होती. पोशा बैठकीत उठला. "मंडप थांबवा. बांध दोन हात वाढवू. बाहेरून तिवरांची झाडं लावू, लाटा अडवायला."

गावचे तात्या भडकले. "देवाचा पैसा चिखलात घालतोस?"

"तात्या, देवाला निवेद कशाचा? भाताचाच ना? शेतात खारं पाणी शिरलं तर देव पण उपाशी राहील."

शेवटी तात्यांनीच वर्गणी पुढे केली. गाव कामाला लागलं. अहाहा, काय दिवस होते ते! बाया गाणी म्हणत मातीच्या पाट्या वाहायच्या, दुपारी बांधावरच भाकरी नि भाजलेले बोंबील. तसलं जेवण आता पंचतारांकित हॉटेलात मिळत नाही, महाराज!

बांध झाला. आणि पुढे तीन वर्षं — काही नाही. मोठं उधाण आलंच नाही. "पोशानं मंडप बुडवला," लोक म्हणायचे. पोशा पारावर यायचा बंद झाला. 'आपलं चुकलं काय?' हे त्यानं फक्त बायकोला विचारलं.

चौथ्या वर्षी, भादव्याच्या अमावास्येला, समुद्र उठला. जुना बांध बुडाला असता. वाढवलेला पाण्यावर वीतभर उरला. त्या एका हंगामाच्या भातात बांधाचा खर्च निघून वर उरलं!

पलीकडच्या गावाचा बांध मात्र फुटला. शेतं मिठानं पांढरी झाली. आता तीन वर्षं तिथं दाणा पिकणार नव्हता. पोशाची लेक जनी तिथंच दिलेली.

तात्या आले. "पोशा, तू जिंकलास."

पोशाचे डोळे भरले. "जनीच्या घरात चूल नाय, तात्या. कसलं जिंकणं? पाट्या काढा. त्यांचा बांध घालू."

गेलं सगळं गाव. तात्या पुढे, पोशा मागे.

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. पाणी आल्यावर रडायला सगळे येतात. घरी जाताना आपापल्या नाल्याकडे, विहिरीकडे, बांधाकडे एकदा बघा. आणि ऊन आहे तोवर पाटी उचला.