साडूला दाखवायची हिरवळ

नाही, पण मला एक सांगा, माणसानं स्वतःच्या परसात, स्वतःच्या जमिनीत चार चर खणले तर गल्लीनं त्यात एवढं काय बघायचं? कोणी म्हणतं विहीर पाडताय का, कोणी म्हणतं संडास बांधताय का, आणि एक जण तर भिंतीवरून डोकावून हळूच विचारतो, "शालिग्रामभाऊ, घरात कोणी गेलं का हो?"... अहो, गेलं नाही कोणी, गोल्फ खेळायचंय. आता जळगावात, जिनिंग फॅक्टरीतल्या सुपरवायझरनं, काळ्या मातीत, गोल्फ का खेळायचं, हे विचाराल तर त्याला कारण एकच आहे, तोताराम.

तोताराम माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नाशिककडे लष्कराची एक छावणी आहे, तिथं हिशेब खात्यात कारकून आहे, पण रुबाब असा की पासष्टची लढाई यानंच लढली. छावणीत त्याला टी. आर. म्हणतात म्हणे. मी म्हणत नाही. मी तोतारामच म्हणतो, आणि चार पाहुणे बसलेले असले की जरा मोठ्यानं म्हणतो.

तर हा मला एकदा साहेब लोकांच्या मैदानावर घेऊन गेला. हातात काठी दिली, पुढं तो चेंडू ठेवला आणि म्हणाला, "हाणा, शालिग्रामराव, लाजू नका." मी हाणला. तुम्हाला सांगतो, जीव लावून हाणला. चेंडू होता तिथंच राहिला आणि त्याच्या शेजारचं भाकरीएवढं ढेकूळ, गवतासकट, मुळांसकट, उडून जे गेलं ते एका कर्नल साहेबाच्या टोपीवर. साहेब बिचारा भला माणूस. टोपी झटकली, पुढं गेला. विषय तिथं संपायला हवा होता की नाही? पण तोताराम संपवेल तर ना.

माझ्या लेकीचा साखरपुडा, भडगावला. व्याह्यांची सगळी मंडळी मांडवात बसलेली, पानसुपारी फिरतेय, आणि हा उठला, मांडवाचा एक बांबू घेतला आणि माझी नक्कल सुरू. मी कसा वाकलो, धोतर कसं खोचलं, ढेकूळ कसं उडालं, "आमचे शालिग्रामराव गोल्फ खेळायला नाही, नांगरायला उतरले होते!" व्याही इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी आणायला माझीच लेक धावली. तेव्हापासून भडगावात मी कोण? नांगरवाले व्याही. पोर सासरी भाकऱ्या थापत असते आणि दीर विचारतो, "वहिनी, तुमचे नाना यंदा कुणाचं मैदान नांगरताहेत?" ती घरी येऊन मला काही बोलत नाही. तिच्या आईला सांगते. मी पलीकडच्या खोलीत असतो आणि पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू येतं. मी विसरलेलो नाही.

त्याच मांडवात मी त्याला गाठलं. म्हटलं, तोताराम, काय केलं म्हणजे हा किस्सा बंद करशील? तर म्हणतो, "ढेकळं कोणीही उडवतं. खरा खेळ हिरवळीवरचा. या टोकापासून त्या टोकाच्या भोकात एका टोल्यात चेंडू घालून दाखवा, माझ्या डोळ्यांदेखत. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही, आणि इथं भडगावला येऊन व्याह्यांसमोर तुमच्या पाया पडेन." व्याही साक्षीला. मी म्हटलं, ठरलं. माझ्या घरी, माझ्या हिरवळीवर.

आता हिरवळ हवी म्हणजे परसातली वांगी काढायला हवीत. आमच्या घरच्या, म्हणजे बायको, त्या वांग्यांना जीव लावून होत्या. भरताची वांगी, हिरवी, पांढऱ्या रेघांची. त्या म्हणाल्या, "खेळण्यासाठी वांगी उपटता?" मी म्हटलं, इज्जतीसाठी उपटतोय. त्या दिवशी भरीत झालं, पण त्या माझ्याकडे न बघता वाढत राहिल्या.

मग हरळी लावायला उखर्डूला बोलावलं. आमच्या फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचा, मूळचा धुळ्याकडचा. तो टोपली घेऊन उभाच राहिला. "भाऊ, जलम गया आम्हना हरळी उपटामा, आन तुम्ही लाई ऱ्हायनात?" मी म्हटलं, लाव बाबा, प्रश्न विचारू नकोस. काठी लोहाराकडून करून घेतली, बाभळीचा दांडा, खाली लोखंडाची चपटी पट्टी. लोहार म्हणाला, "सापाला एवढी पुरे." त्या टोकाला भोक पाडून दुधाच्या पावडरचा डबा पुरला. आणि हिरवळ, तुम्हाला सांगतो, अशी उगवली की मी चपला काढून तिच्यावर जायचो.

आणि मग पाऊस लागला. काळी माती तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते, सोडतच नाही, तोताराम जसा माझा किस्सा धरून बसलाय तशी. परसाचं तळं झालं. बेडूक आले. मी मोरीतल्या तांब्यानं पाणी उपसतोय, उपसतोय, आणि एक दिवस फॅक्टरीतून येऊन बघतो तर हिरवळीवर, नेमकी डब्यावर, भागाबाईची म्हैस बसलेली. भागाबाई आमच्याकडे दूध घालते, मागच्या फाटकातून म्हैस शिरली असणार. मी म्हटलं, भागाबाई, उठव तिला. ती म्हणते, "राहू द्या ना भाऊ, दोन दिवस झाले दूध देत नव्हती, इथं बसून तिला बरं वाटतंय." आणि नेमका त्याच आठवड्यात तोताराम कुणाच्या तरी बारशाला गावात आलेला. दारात उभा राहून त्यानं म्हैस पाहिली. बराच वेळ पाहिली. मग हसला, आणि मी त्याच्या डोळ्यांत बघितलं की भडगावला सांगायचा दुसरा किस्सा तयार झाला. मी विसरलेलो नाही.

म्हणून चर. आता कळलं चर का खणले? सगळी हिरवळ गोधडीसारखी गुंडाळून बाजूला ठेवायची, खाली माशाच्या काट्यासारखे चर खणायचे, त्यात खडी, खडीत नळ, नळावर गिरणा नदीची वाळू, आणि वर परत हरळी. नळ कुठले? फॅक्टरीची जुनी शेड पाडली होती, तिची नळीची कौलं मालकांकडून मागून घेतली. एक कौल उताणं, त्यावर दुसरं पालथं, झाला नळ. पण पाणी काढायचं कुठं? उतार सगळा रिखबचंद शेठच्या परसाकडे, त्यांच्या पलीकडे नाला. म्हणजे नळ त्यांच्या जमिनीतून जायला हवा.

रिखबचंद शेठ कापडाचे व्यापारी, सज्जन माणूस, पण घरात शब्द चालतो त्यांच्या आईचा. झमकूबाई. मी ओसरीवर जाऊन बसलो, सगळं समजावलं, साडू, मांडव, इज्जत, म्हैस. त्या माळ ओढत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चौमासो है. अबार जमीन कोनी खोदणी, जीव मरे." मी म्हटलं, अक्का, आत्ता खणायचं नाही म्हणता, पण पाणी तर पावसाळ्यातच आहे. त्या म्हणाल्या, "तो पाणी आवते साल कोनी आवे काई?" पुढच्या साली पाणी येणारच, खरं होतं. थांबलो. चातुर्मास उठेपर्यंत ते तळं बघत थांबलो. नंतर त्यांनी परवानगी दिली, वर एक अट घातली की नळाच्या तोंडाला जाळी लावायची, एकही बेडूक आत अडकून मरता कामा नये. मी जाळी लावली. दुहेरी लावली.

उखर्डूनं आणि मी मिळून हिवाळाभर खणलं. माझ्या हातांना फोड आले, फॅक्टरीत सही करताना लेखणी धरवेना. आमच्या घरच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ताईला भेटून वर्ष झालं. तुमचं हे खणणं संपेपर्यंत मी बहिणीकडे जायचंच नाही का?" मी म्हटलं, बहीण कुठं पळून जात नाही. हे बोलायला नको होतं, पण बोललो... त्या आत गेल्या.

आणि कौलं बसवून, खडी घालून, वर हरळी पसरून मी पहिल्यांदा पाणी सोडलं, तर काय व्हावं? पाणी जिरलं. झिरपलं. मी उखर्डूला मिठी मारली. आणि तेवढ्यात पुरलेल्या डब्यातून बुडबुडे यायला लागले. बुडबुडे, फेस, साबणाचा वास. रिखबचंद शेठकडे कपडे धूत होते, आणि त्यांचं सगळं पाणी माझ्या नळातून उलटं चढून माझ्या भोकातून वर येत होतं. उतार उलटा. हिवाळाभर खणून, मी, फॅक्टरीत रोज मोजमाप करणारा माणूस, उतार उलटा दिला. उखर्डू डब्याजवळ उकिडवा बसला, फेसात बोट बुडवलं आणि म्हणाला, "भाऊ, आते हाई बठ्ठं परत?" मी म्हटलं, बठ्ठं, सगळं परत. तो बिचारा कुदळ आणायला गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही. आडवा पडलो की डोळ्यांसमोर तोताराम, हातात बांबू. मी विसरलेलो नाही.

परत खणलं. या वेळी रबरी नळीत पाणी भरून दोन्ही टोकं पातळीला धरून, दर कौलाला तपासून. आणि पाऊस आला, तुम्हाला सांगतो, यावलकडे केळीच्या बागा आडव्या पडल्या असा आला, आणि माझी हिरवळ तासाभरात तळहातासारखी कोरडी. मी निरोप धाडला. तोताराम, पोळ्याला ये. ताईंना घेऊन ये.

आला. सकाळपासून मुसळधार. बारा वाजता उघडलं, दोन्ही बहिणी चुलीपाशी एकमेकींना धरून रडून झाल्या, पुरणपोळ्या झाल्या, आणि मी काठी घेऊन परसात उतरलो. सगळ्यांना बोलावलं. रिखबचंद शेठ, भागाबाई, उखर्डू, खुर्चीवर झमकूबाई. हिरवळ कोरडी, चेंडू पांढराशुभ्र, डबा त्या टोकाला. तोताराम कोट घालून आला होता. मी वाकलो. मागच्या खेपेसारखा नाही, या वेळी सावकाश. श्वास धरला. मनात भडगावचा मांडव, ठसका लागलेले व्याही, पाणी आणायला धावणारी माझी पोर... आणि टोला दिला. अलगद. चेंडू निघाला, हरळीवरून वळत, थोडा डावीकडे, आता चुकतो असं वाटलं, मग परत उजवीकडे, डब्याच्या काठावर आला, थांबला, विचार केला, आणि पडला. टण्ण.

मी मान वर केली. परसात कोणी नव्हतं.

खुर्ची रिकामी. शेठ नाहीत, भागाबाई नाही, घरच्यासुद्धा नाहीत. सगळे भिंतीपलीकडे, नळाच्या तोंडाशी. मी वाकलो नेमका त्याच वेळी वरच्या भिजलेल्या जमिनीचं पाणी नळातून जोरात पडायला लागलं होतं, स्वच्छ, नितळ, विहिरीच्या पाण्यासारखं, आणि आवाज ऐकून सगळे तिकडे. झमकूबाई जाळीतून बेडूक वाचतोय का ते बघताहेत. मी ओरडलो, तोताराम, पडला, चेंडू पडला. भिंतीवरून त्याचं डोकं आलं. म्हणाला, "काय पडला? ते असू द्या हो. आधी इकडे या, हे कौलांचं डोकं कुणाचं?"

मी म्हटलं, तू बघायचं होतंस. अट होती.

तो भिंतीला वळसा घालून आला. कोट काढला, माझ्याजवळ बसला, हिरवळीवर, खाली. आणि हळू आवाजात म्हणाला, "शालिग्रामराव, आमच्या क्वार्टरमध्ये घोट्याएवढं पाणी साचतं. दोन पावसाळे झाले. तुमच्या ताईंचे पाय सुजतात, धान्याच्या कोठ्या खाटेवर ठेवून आम्ही खाली झोपतो. साहेबाला सांगून तोंड दुखलं." आणि दारात त्या दोघी उभ्या. ताईंनी पदर तोंडाला लावलेला, आणि आमच्या घरच्या माझ्याकडे बघताहेत. नुसत्या बघताहेत. तुम्ही संसारी माणसं आहात, असं बघणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. वर्षभर मनात साठवलेलं सगळं, एकेक शब्द, जिभेवर होता. आणि माझ्या तोंडातून निघालं काय? "उतार कुणीकडे आहे तुमच्या क्वार्टरचा?"

पाया पडायचं बाजूलाच राहिलं. परवा लेक सांगत होती, तोताराम भडगावला जाऊन आला, मांडवात नाही, ओसरीवर बसून, दोन्ही हात पसरून म्हणाला म्हणे, आमचे शालिग्रामराव गटाराचं काम असं करतात की पाणी स्वतः वाट विचारत येतं. व्याही खूश. दीर म्हणतो, वहिनी, आमच्याही गोठ्याचं बघायला सांगा नानांना.

शनिवारच्या गाडीनं निघतोय नाशिकला. उखर्डूही येतोय. तोतारामचा निरोप आलाय, टांगा स्टेशनावर पाठवतो, पण कौलं हमालाला देऊ नका, फुटतील, गाडीत मांडीवर घेऊन बसा.

बसणार आहे मांडीवर घेऊन. काय करता.