हरेक लेकराचं रगत

तुमी आज डीएनएचं काढलं, पण आमच्या घरात ते विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीतच येऊन गेलं. माझ्या सुनंदाच्या लेकराचं बारसं होतं. मानवतहून तिच्या सासरची माणसं आली होती. लेकरू पाळण्यात टाकणार, तेवढ्यात जावयाचे चुलते उठले.

"थांबा. लेकराचे डोळे घारे हायेत. आमच्या खानदानात कुणाचेच न्हाईत."

सुनंदा पांढरीफटक पडली. जावई आपल्या पायाच्या बोटांकडं पाहत बसला. त्या घरात चुलत्यांचाच शब्द चालायचा. ते नको म्हणले असते, तर पोरगी जन्मभर माझ्या दारात राहिली असती.

"पेपरात आलंय," ते म्हणाले, "आता रगत तपासून बाप सांगतेत. मी तर म्हणतो, सरकारनं जल्मल्या जल्मल्या हरेक लेकराची तपासणी करावी. बायांचं काई खरं न्हाई."

मी म्हणलं, "हरेक लेकराची ना पावणं? लय बेस. उद्याच जीप करू. आमचं लेकरू घेऊ, अन् तुमच्या शेतातल्या आखाड्यावर खोपटात ऱ्हाऊन राबती ती गया, तिचंबी घेऊ. शाळेत त्याच्या बापाचं नाव लिहायचं राहिलंय म्हणं."

चुलत्यांच्या बायकोनं पदर सारखा केला अन् नवऱ्याकडं टक लावून पाहिलं.

चुलते खाकरले. "आता आठवलं. आमच्या पणज्याचे डोळे घारेच होते."

त्या पणज्याला आजवर कुणी पाहिलेलं न्हाई. पण पाळण्याची दोरी पहिल्यांदा चुलत्यांनीच ओढली.