वसीमचा माग

सांगली स्टँडवर बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर माधवनगरचे एक यंत्रमागवाले आणि त्यांची मुलगी बोलत होती.

"सुमैरा, कापडातले दोष शोधायचा तुझा प्रोग्राम काल परत मधीच का थांबवलास?"

"अडकला हुता, अब्बा. काळ्या पडद्यावर कायबी हलंना, म्हणून कंट्रोल आणि सी दाबून बंद केला."

"बाकी सगळ्या कामगारांचं कापड गपगुमान तपासतो, आणि वसीमचा माग आला की बरा अडकतो!"

"त्याला मी काय करू?"

"वसीमच्या कापडात दोष हाय आणि तू झाकतीस."

"आवं न्हाई. त्याच्या मागाचे फोटो लय झाल्यात, प्रोग्रामला झेपंनात."

"फोटो काढतं कोण?"

"मीच."

"मग त्याचेच कसे लय झाले?"

"त्याच्या मागापाशी उजेड चांगला हाय."

"आपल्यात सूत तुटल्याशिवाय माग थांबवत न्हाईत. तुझं सूत तुटलं हुतं का, बघितलंस?"

"आत काय चाललंय ते दिसत न्हाई, अब्बा."

"आज सकाळी तू प्रोग्राम चालू ठेवून आवराय गेलीस. वसीमचा माग आला आणि पडदा गप झाला. मी बसून राहिलो, बटणाला हात लावला न्हाई. अडकत न्हाई त्यो. हळू चालतो, पण शेवटपर्यंत जातो."

"शेवटपर्यंत गेला?"

"व्हय."

"मग... काय दोष दाखवला?"

"एकबी न्हाई. वसीमच्या प्रत्येक फोटोखाली एकच ओळ आली. कापड सापडले नाही."