घासलेलं बदक

नर्स तपासणीचा निकाल सांगून गेली. दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सुना बसल्या होत्या, सुनेच्या मांडीवर वर्षाचं बाळ.

"बाळाच्या रक्तात शिसं? मॉम, ते लाकडी बदक मी रोज साबणाने घासत होते हो!"

"तुझं ते घासणंच नडलं. जुना रंग सुटला. तुझा नवरा, आमचा वेंडेल, तेच बदक चघळत मोठा झाला."

"शिसं त्या रंगातच होतं. वेंडेलचं रक्त कधी तपासलं होतं?"

"कशाला? चांगला धडधाकट होता."

"शिसं मेंदूला बाधतं. पहिलीत दोनदा नापास झाला. अक्षरं डोक्यात राहायची नाहीत त्याच्या. तेव्हा काय केलंत?"

"पट्ट्याने मारायचे," सासू म्हणाली. "आणि रडायला लागला, की तेच बदक हातात द्यायचे."