सुंठवडा तुळशीपाशी ठेवणारा माणूस

मंडळी, जरा पुढे सरका, मागच्यांना बसू द्या. आणि मला एक सांगा! देवाचा प्रसाद टाकणारा मोठा दोषी, की त्याला चारचौघांत उभं करून झापणारा? सांगा की! लगेच माना खाली? बरं, ऐका.

कोकणातलं एक गाव. नावं बदललीत, शोधत बसू नका! रामाच्या देवळात झांज वाजवायचे अच्युतदादा. आणि रामनवमीचा सुंठवडा करायच्या मंदाकाकू. सुंठ स्वतः कुटणार, खोबरं स्वतः किसणार, खलबत्त्याला दुसऱ्याचा हात लागता कामा नये! अहो हसताय काय, अशा काकू इथंही बसल्यात!

रामजन्म झाला, पाळणा झाला. काकूंनी दादांच्या हातावर सुंठवडा ठेवला. दादांनी कपाळाला लावला, बाहेर गेले — आणि तुळशीच्या मुळाशी ठेवून दिला! नेमकं काकूंनी पाहिलं.

"अच्युता! माझ्या हातचा प्रसाद मातीत? माजलास होय रे?"

सगळं देऊळ बघतंय! दादांनी तोंड उघडलं — शब्द नाही. जीभ टाळूला चिकटलेली. लोक म्हणाले, बघा, गुन्हा कबूल! दादांनी झांज देवापुढे ठेवली आणि खाली मान घालून गेले. त्या दिवसापासून देवळाची पायरी चढेनात.

जीभ का चिकटली, मंडळी? दादांना घशाचा कॅन्सर झाला होता. मुंबईला किरणांचे शेक घेतले. रोग गेला, पण तोंडातली लाळही गेली! भाताचा घास पाण्याशिवाय उतरेना, तिथं सुंठ कशी गिळणार? मग सांगितलं का नाही? अहो, घशाचा कॅन्सर म्हटलं की आपण काय म्हणतो? "तंबाखू खात असणार!" जन्मात तंबाखूला न शिवलेला माणूस, त्या लाजेनं गप्प बसला.

पुढं काकूंची दाढ दुखायला लागली. देव कधीकधी दाढेला धरूनच नेतो! तालुक्याच्या दातांच्या दवाखान्यात गेल्या. आतलं दार अर्धवट उघडं. खुर्चीत अच्युतदादा, डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरीणबाई त्यांच्या गालाला, जबड्याखाली लाल उजेड लावतायत.

"बाई, यानं लाळ येईल ना?"

"काहींना फरक पडतो दादा, काहींना नाही. एवढी घाई कशाची?"

दादांनी पाण्याचा घोट घेतला. "काकूंचा सुंठवडा गिळता आला, की देवळात जाईन म्हणतो. तोवर कुठल्या तोंडानं जाऊ?"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं! धरणी दुभंगेल तर बरं! तिथंच पाय धरता आले असते. पण नाही — अपमान देवळात केला, माफी दवाखान्यात मागायची?

संध्याकाळी भरल्या देवळात काकू उभ्या राहिल्या. "अच्युतानं प्रसादाचा अपमान केला नाही. चूक माझी. कारण विचारू नका, ते त्याचं आहे." एवढंच! आणि झांज उचलून, सगळ्यांच्या देखत, दादांच्या दारात गेल्या. "अच्युता, दवाखान्यात सगळं ऐकलं रे मी."

दादा म्हणाले, "काकू, अजून गिळता येत नाही हो."

काकू रडत रडत ओरडल्या, "अरे, झांज काय तोंडानं वाजवतात? चल!"

आले दादा. लाळ आली का, विचारू नका. थोडी आली, थोडी नाही.

आता दादा-काकूंचं सोडा, स्वतःचं बघा. तुम्ही कुणाला चारचौघांत बोललात, आणि माफी मागितलीत ती कुठं? स्वयंपाकघरात, कानाजवळ, हळूच? मागितलीत तरी का? मंडळी, घरी जाताना त्याच्या दारावरून जाल. आज मान वळवून पुढं जाऊ नका. हाक मारा — आणि जरा मोठ्यानं मारा!